तिसऱ्या दगडाची जागा

तीर्थरूप बाबांना मोठीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. तुमचा खोकला कमी झाला का? दगड घडवताना तोंडाला फडकं बांधता ना? (धाकटे, पत्र वाचून दाखवताना कंसातलं मनातच वाच. बाबा "हो" म्हणतील. खिडकीतलं फडकं बघ. पांढरंशुभ्र असेल तर ते खोटं बोलतायत.)

रविवारी सुट्टी होती म्हणून एकटीच जुन्या देवळाचे अवशेष बघायला गेले. कळस नाही, छप्पर नाही, गाभाऱ्यात देवही नाही. मग चपला काढायच्या की नाही? काढल्या. फरशी तव्यासारखी तापलेली. चपला कुणी नेतील म्हणून हातात घेतल्या, आणि गाभाऱ्यात पोचल्यावर ध्यानात आलं की मी त्या देवाच्या जागेसमोरच धरल्या आहेत. रिकाम्या चौथऱ्याची माफी मागितली. पहारेकरी म्हणाला, "ताई, देव गेले तेव्हा त्यांनीसुद्धा एवढा विचार केला नसेल."

मागच्या अंगणात पाटाएवढे कोरीव दगड ओळीने मांडले होते, त्यांतले तीन पालथे. घडवलेली बाजू मातीला टेकू द्यायची नाही, हे तुम्ही आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलंत. मला राहवेना. घाम गाळून तिन्ही उताणे केले. हात झटकताना पाहिलं तर तळव्यांना खडू. देऊळ पुन्हा रचायचं म्हणून त्या पाठींवर आकडे घातले होते, आणि ते सगळे आता माझ्या हातांवर होते. कुणी पाहिलं नव्हतं. (तू असतीस तर पळाली असतीस.) मी स्वतःच तिथल्या शेडमध्ये जाऊन कामावर देखरेख करणाऱ्या बाईंना सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही तळवे उजेडात धरून पाहिले. "इथे चारशे दगड आहेत. तुम्हाला नेमके हेच सापडले, ज्यांची नोंद वहीत अजून चढायची होती?" मला रडूच आलं. त्यांनी पाणी दिलं.

मग मी उकिडवी बसले आणि तुम्ही करता तसे डोळे मिटून दगडांच्या कडांवरून बोटं फिरवली. कुठे खाच, कुठे उंचवटा; एकाची खाच दुसऱ्याच्या उंचवट्याशी जुळते का बघितलं. संध्याकाळपर्यंत दोन दगडांचे शेजारी सापडले. तिसऱ्याचा काही केल्या सापडेना. बाईंनी विचारलं, "हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "कॉलेजात."

बाकी सर्व ठीक. आईला नमस्कार. धाकटीने अभ्यास करावा.

तुमची,
मोठी

ता. क. कॉलेजात असलं काही शिकवत नाहीत. बाबा, पदवीच्या दिवशी फोटो काढताना मी तुम्हाला हात पाठीमागे घ्यायला सांगितलं होतं. तुम्ही लगेच घेतलेत. ते आठवून तीन दिवस जेवण गेलं नाही. काल पुन्हा जाऊन बाईंना खरं सांगितलं, की माझे वडील पाथरवट आहेत, त्यांना वाचता येत नाही, दगड येतो. त्या एवढंच म्हणाल्या, "मग ते कधी येतायत?"

आणखी एक ता. क. मी "येत्या रविवारी" म्हणून बसले आहे. (धाकटे, हा कंस मोठ्याने वाच: बाबा "बघू" म्हणाले की तिकीट काढ.) बाबा, एका आठवड्यात दोनदा खोटी पडले तर मला झोप लागणार नाही. तिसरा दगड मी तुमच्यासाठी उताणाच ठेवलाय. नवा सदरा नको, कामाचाच घाला. फोटो पुन्हा काढायचा आहे, हात पुढे ठेवून.