तळघरातली मोजणी

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची! फर्दापूरहून एस.टी.नं निघताना मायनं इतक्या भाकऱ्या बांधून दिल्या की कंडक्टरनं विचारलं, पोरी, लग्नाचं जेवण घेऊन चाललीस का. खोली औरंगपुऱ्यात, भांड्यांच्या दुकानावर. सकाळी आठपासून खालून जी ठणठण सुरू होते, त्यात मेलेलाही उठून बसेल. मला मात्र आज सगळंच आवडतंय.

कॉलेजचं ग्रंथालय चांगलं दुमजली आहे, शिवाय खाली तळघर. ग्रंथपाल सुलेखा मॅडमनी सही घेतली आणि ओळखपत्र गळ्यात अडकवलं: पदवीधर प्रशिक्षणार्थी, क्रमांक ३८. एक वर्ष शिकायचं. आबांनी मेंढरं राखता राखता साऱ्या शिवारात सांगून ठेवलंय की आमची योगिनी बुकांची साहेबीण झाली. मी काही ते खोडून काढलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

काम मिळालं. तळघरातल्या जुन्या पुस्तकांची मोजणी. शिकवायला मोतीरामकाका, इथले तीस वर्षांपासूनचे परिचर. रीत सोपी आहे. एकानं दाखल नोंदवहीतला नंबर पुकारायचा, दुसऱ्यानं कपाटात ते पुस्तक शोधून 'हाय' म्हणायचं. सापडलं नाही तर वहीत लाल खूण. मग लाल खुणांची यादी होते आणि ती पुस्तकं सापडेपर्यंत सगळे मिळून शोधतात. मी पहिल्यांदा 'आहे' म्हणाले तर काका पोट धरून हसले. म्हणाले, इथं समदे हाय म्हणत्यात पोरी, तू आहे आहे करत बसलीस तर पुढची दिवाळी उजाडंल.

जाता जाता आणखी एक सांगितलं. एकटी असलीस तर मोठ्यानं पुकारू नको, नंबर मनात वाच. का, तर पुकारलं की कुणाला तरी ओ द्यावीच लागती. मी हसले. ते हसले नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, तीन आठवडे तरी येत नाहीत. आता तळघरात दहा ते सहा मी एकटी.

आज सहज लक्षात आलं की या शहरात अजून एकानंही मला नावानं हाक मारलेली नाही. मॅडम 'ट्रेनी' म्हणतात. खाणावळीत मी 'तीन नंबरचा डबा'. मुलं 'ओ मॅडम'. काल ट्यूबलाइट फडफडली तर मी तिला म्हटलं, काय गं, काय झालं? मला फार एकटं वाटतंय. मायला फोनवर हे सांगत नाही, ती लगेच परत बोलावेल.

दुपारी निदान स्वतःचा आवाज तरी ऐकू यावा म्हणून नंबर मोठ्यानं वाचायला लागले. अकरा हजार चारशे सात. या नंबरापुढे एकोणीस वर्षांपासूनची लाल खूण आहे.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, हाय.

जाऊन पाहिलं. माणूस नव्हतं. पुस्तक होतं, जागच्या जागी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल दिवसभर तोंड शिवून बसले. आज राहवलं नाही. हरवलेले नऊ नंबर पुकारले, नऊही पुस्तकं मिळाली. मॅडम इतक्या खूश झाल्या की 'शाब्बास, योगिनी' म्हणाल्या. नावानं! जिन्यातच डोळे भरून आले.

'हाय' म्हणणारी ती बाई आहे. आवाज घोगरा, फार दिवसांत न बोलल्यासारखा. दोन नंबरांच्या मधे मी तिला घरचं सांगते, मेंढरांचं, मायचं. तिला एकच शब्द येतो, पण तो ती वेळेवर म्हणते. या शहरात एवढं तरी माझ्यासाठी कोण करतं?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

माझा घसा बसलाय. मॅडम म्हणाल्या धूळ असेल, काढा घे. तिचा आवाज मात्र दिवसेंदिवस मोकळा होतोय. आज ती 'हाऽय' म्हणाली, असा शेवटी लांबवून. तसं मी म्हणते. फक्त मी.

भीती वाटली. तिला नीट सांगितलं की बये, आता मी पुकारणार नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज तिनं पुकारलं.

मायनं लहानपणीच बजावलंय की न दिसणाऱ्या माणसानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. मला आठवलं. मी ओ दिलीच नाही. पण नंबर ऐकला की हात आपोआप कपाटाकडे जातो, पुस्तक दिसतं आणि तोंडातून 'हाय' निघून जातं. ती थोडीच ओ झाली, असं मी मनाला समजावलं. खरं सांगू? मजा येत होती. कुणीतरी बोलावतंय, आपण उत्तर देतोय. पाच झाले, दहा झाले. मग ती म्हणाली, अडतीस.

हाय, म्हणाले मी.

आणि मग कपाटाकडे पाहिलं. या कपाटात अडतीस नंबर नाही. तो माझ्या गळ्यात आहे.

दाखल नोंदवही उघडली. शेवटच्या ओळीत, ओल्या शाईत, माझ्याच अक्षरात: ३८. पुढे माझं पूर्ण नाव. स्थितीच्या रकान्यात: चांगली.

२५ नोव्हेंबर

हजेरीचं थंब मशीन अंगठा घेत नाही. नोंद सापडत नाही म्हणतं. मॅडमना हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या मागच्या कपाटाकडे, आणि पुढे गेल्या.

दारातून बाहेर पडताना चोरीची शिट्टी वाजली, नोंद न करता पुस्तक नेलं की वाजते तीच. वॉचमन कुणाला तरी म्हणाला की आज मशीन लई येडं झालंय. डोळे उघडले तर मी परत तळघरात, मागच्या रांगेत. तीनदा गेले. तीनदा वाजली.

डबा, पिशवी, चपला — काही नाही. एवढी ही रोजनिशी आणि पेन राहिलंय.

२८ — बहुतेक शुक्रवार

आबा आले होते. जत्रेला न्यायला. तळघराच्या झरोक्यातून रस्त्यावरचे नुसते पाय दिसतात — त्यांच्या वहाणा, काठीचं टोक. शेजारी माझ्या चपला. चपलांत पाय. ती म्हणाली, आबा, चला ना. माझ्या आवाजात, माझ्या हट्टानं.

दोनशे मेंढरांत आपलं कोणतं ते आबा तोंडावरून सांगतात. ते ओळखतील. मी ओरडले — आबा म्हणायचं होतं — तोंडातून आलं, हाय.

काठी थांबली. ती म्हणाली, काही नाही हो, खाली मोजणी चालू आहे.

पाय गेले.

आबा, तुमचं मेंढरू इथं राहिलं. मला घरी यायचंय. मला मायकडे —

डिसेंबर

तारीख नाही माहीत. जिन्यात काकांचा आवाज! आले. मॅडम पण. मोजणी पुन्हा पहिल्यापासून — काका पुकारणार.

सुचलं. किती सोपं! उत्तरच द्यायचं नाही. आवाज आला नाही की लाल खूण. लाल खूण झाली की हरवली म्हणून यादी, यादी झाली की सगळे शोधतील. मला शोधतील. फक्त गप्प राहायचं. एकदाच.

ओठ दाताखाली धरलेत. लिहीत राहते, म्हणजे तोंड —

पहिली रांग झाली.

शेवटची — काका कुणाला तरी म्हणाले, मोजणीला ती पोर होती, नाव काय बरं —

नाव घ्या काका. नंबर नको. नाव —

अडतीस, म्हणाले. काका म्हणाले. आपल्या माणसाच्या आवाजात — किती दिवसांनी कुणीतरी मला बोला — गप्प, योगिनी, गप्प — परत पुकारतायत, किती मायेनं — गप्प रा — हा