डॉक्टरकडे जायची साडी

आये, आज माझा आंबाडा मी स्वतः घातला. तुला वाटेल, त्यात काय एवढं! पण आठ महिन्यांनी माझा उजवा हात डोक्यामागे पोचला गो. आरशापुढे एकटीच हसत होते.

भाताचा भारा घेऊन बांधावरून घसरले, सगळा मार खांद्यावर आला. मुरबाडच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, "हाड शाबूत आहे, मुका मार आहे," म्हणून गोळ्या दिल्या. शहापूरच्यांनी तर खांद्याला हातही लावला नाही. "मावशी, चेहरा छान टवटवीत आहे तुमचा!" टवटवीत म्हणे! अशी चीड आली मला, पण हसून "बरं आहे" म्हटलं नि उठले. घरी तांदूळ धुताना पातेलं हातातून सुटायचं. शेवटी हेसुद्धा म्हणायला लागले, "दोन-दोन डॉक्टर चुकतील काय?" मग मलाच वाटायला लागलं, आपण नाटकं तर करत नाही ना.

चूक तुझी आहे, आये. मी नऊ वर्षांची असेन. तुझा गुडघा सुजलाय, आपल्याला शहापूरला जायचंय, आणि तू अंघोळ करून ट्रंकेतली हिरवी साडी नेसतेयस, आंबाड्यात अबोली खोचतेयस. मी विचारलं, "आये, लग्नाला चाललोय काय?" तशी फाडकन बोललीस, "मागं चिखलाचं पाय बघून कंपाउंडरनं मला वट्यावर बसवली. डॉक्टरच्या दारात असा तसा जायचा नाय." तेव्हापासून मीही तशीच जाते. सून माझे केस विंचरायची, पदर लावून द्यायची, बांगड्या चढवायची. मग डॉक्टरांना दिसणार काय?

तिसऱ्या खेपेला शहापूरच्याच एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्याही गोळ्या लिहायला लागल्या, तशी सून एकदम बोलली, "मॅडम, हा आंबाडा मी घातलाय. दोन महिने मीच घालते. ब्लाउजची हुकंपण मीच लावते. यांना सांगा बघू घालायला!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी पेन खाली ठेवलं, आंबाडा सोडायला लावला. हात कानापर्यंतही जाईना. मग कल्याणला मोठी तपासणी झाली. खांद्याचा स्नायू फाटलाय, ऑपरेशन लागेल म्हणाल्या, आणि आये, मी रडले ती आनंदानं! फाटलाय, खरंच फाटलाय! पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. ह्यांनी त्या दिवशी न सांगता चहा करून दिला, नि बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही.

तुझा गुडघा मात्र तसाच राहिला. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाई, चालता तर नीट," आणि तू हसून मान डोलावलीस. चुलीपुढून तुला उठवायला रोज मी हात द्यायचे. बाकावर तुझ्या शेजारीच होते की! सुनेसारखं एक वाक्य बोलायला काय झालं होतं मला? नुसती अबोलीकडे बघत बसले. माफ कर गो.

ऑपरेशन झालेला खांदा उद्या परत दाखवायला जायचंय. हा कागद पाठवणार तरी कुठे, म्हणून तुझ्या हिरव्या साडीच्या घडीत ठेवायला ट्रंक उघडली. पण खरं सांगू? कागदच तेवढा ट्रंकेत ठेवला. साडी बाहेर काढलीय, उद्या नेसायला.