डावी बाही

४ मे
ड्रेस पोचला! लेकीच्या कॉलेजच्या पहिल्या दिवसासाठी जेवणाच्या सुट्टीत शिवला होता, अंदाजाने. फोनवर आधी हसली. मग म्हणाली, "आई, डावी बाही लांब झाली गं. विसरलीस?"

विसरले. आठ वर्षांची असताना झाडावरून पडली, हात नीट जुळला नाही. डावा अर्धा इंच आखूड राहिला. तेव्हा तिचा प्रत्येक कपडा मीच शिवायचे, माप न घेता. आता सहा वर्षं या परक्या देशात कारखान्याच्या कामगारांचे निळे कोट शिवतेय — सगळ्यांच्या दोन्ही बाह्या सारख्या. हातच बिघडला माझा.

६ मे
धाकट्या बहिणीकडून लेकीचं माप मागवलं. तिच्याकडेच असते ना ती. खांदा साडेतेरा, उजवी बाही एकवीस, डावी साडेवीस. या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. एकवीस! मी निघाले तेव्हा माझ्या कमरेला मिठी मारायची.

शेजारच्या मशीनवरची बडबडी म्हणाली, "पोरगी वाढली, पगार तेवढा बुटका राहिला तुझा!" खूप हसलो दोघी.

१७ मे
सुट्टी मागितली. पहिल्यांदाच. मुकादम म्हणाले, "जा की बाई. पण गेलात की कामाचा परवाना रद्द. तुमच्या पगारात तुमच्याकडच्या दोन नव्या मुली येतात." माणूस वाईट नाही. तोही कुठून तरी आलेलाच.

घरी माझं शिवणाचं दुकान होतं. बाहेरून स्वस्त तयार कपडे आले आणि बसलं. लेकीने तरी असं मशीनपुढे वाकू नये — एवढ्याचसाठी हे सगळं.

२ जून
लेकीला फोन केला. कॉलेजात प्रवेश झाला का? — "होईल." मग एकदम — "तू येणार नाहीसच ना?"

तू शिक, नोकरीला लाग, की येतेच मी, म्हटलं.

"सहा वर्षं हेच ऐकतेय, आई."

चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

९ जून
बहीण फोन उचलत नाही. लेकही नाही.

१४ जून
नवी तुकडी येतेय, चाळीस मुली, आमच्याकडच्याच. मुली पाठवणाऱ्या दलालाने नेहमीसारखी मापं आधी पाठवली — म्हणजे कोट तयार, उतरल्या की थेट कामावर. चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता क्रमांक. बडबडी म्हणाली, "आल्या बघ आपल्या सवती!" आज हसू आलं नाही. कुणाकुणाच्या लेकी असतील.

१५ जून
क्रमांक सदतीस. खांदा साडेतेरा. उजवी बाही एकवीस, डावी साडेवीस.

मुकादम चिठ्ठी बघून म्हणाले, "लिहिणाऱ्याची चूक दिसते. दोन्ही सारख्या कापा."

चूक नाही, म्हटलं. डावी अर्धा इंच कमी कापली.