नागपूरचा पंखा

३ एप्रिल २००६
मशीन आज तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा अख्खी लग्नपत्रिका सेव्ह न होता गेली. मेकॅनिक रफिकभाईंनी उघडली, तर प्रोसेसरच्या पंख्याखाली रुईचा थर. शेजारच्या कापसाच्या जिनिंगमधून उडते हे माहीत होतं, पण इतकी चिकटली कशी?
"ताई, झाकण काढून कूलरची हवा सीधी आत मारून राह्यले तुम्ही. ओली हवा, वरून रुई. गोधडीच झाली न!"
ही अक्कल माझी. वंदनाने तेव्हा शाबासकी दिली होती. सहा वर्षं दोघींचं डीटीपीचं दुकान, शहाणपणही दोघींचं.

५ एप्रिल
नवा पंखा कोणता? र.भाईंनी तीन सांगितले. साधा ॲल्युमिनियमचा, इथेच मिळतो, पण उन्हाळा काढणार नाही. दुसरा पाण्याच्या नळ्यांचा. यवतमाळात एप्रिलमध्ये पाणी! "ते आतल्या आतच फिरते ताई." फिरू दे, मला भीती वाटते. तिसरा तांब्याचा, उंच, मोठ्या पात्यांचा. पात्यांखालच्या पट्ट्या विरळ, म्हणजे रुई ब्रशने निघेल. हाच. नागपूरला मिळतो.
वंदना: "मी उद्या चालली न मावशीकडे, आणतो."

९ एप्रिल
वंदना रिकाम्या हाताने आली. "भेटलाच नाही. सीझन जाऊ दे, मग पाहू."
बरं. अर्धा तास काम, मग मशीन बंद, ब्रश. पत्रिका तशाही कमीच. कापसाला भाव नाही, तो घरातच पडून. लोकांनी लग्नं पुढे ढकलली.

१४ एप्रिल
जयंती, दुकान बंद. मिरवणुकीत शेजारच्या काकू भेटल्या. "वंदनाचं नवं दुकान पाह्यलं वं, दारव्हा रोडवर. तुले नेलं नाही काहून?"
म्हटलं, उद्या जाणार आहे. हसून म्हटलं.

१५ एप्रिल
गेले. काचेचं दार, नवी मशीन. र.भाई खाली बसून झाकण लावत होते. आत तो. तांब्याचा, उंच, विरळ पट्ट्या. मी निवडलेला.
र.भाईंनी मान वर केली नाही. वंदना म्हणाली, "तुले सांगणारच होतो."
कधी? माझी मशीन जळाल्यावर? हे विचारायचं सोडून तिने दिलेला चहा प्यायले. मूर्ख बाई.
वेगळं दुकान काढलं याचा राग नाही. म्हणजे आहे, पण तो जाईल. मी रोज तिच्यासमोर ब्रश फिरवत होते आणि ती बघत होती, हे नाही जाणार.

१७ एप्रिल
र.भाई आले. "कसम से ताई, दोघींचंच नवीन दुकान आहे, असं सांगितलं त्यांनी मले."
खरंही असेल. या आठवड्यात मला कुणाचंच खरं वाटत नाही. साधा ॲल्युमिनियमचा बसवून गेले.

२० एप्रिल
चव्हाणांच्या मुलीची पत्रिका, आजच छापायला द्यायची. अर्ध्यावर मशीन बंद. थंड होऊ दिली, पुन्हा लावली, पुन्हा बंद. तेवढ्यात वंदनाचा फोन, चव्हाणांनीच तिला कळवलं असणार. "सीडी घेऊन ये. माझ्या मशीनवर कर. दिवसभर चालते, गरमच होत नाही."
दिवसभर चालते म्हणे. मला सांगते!
चव्हाण बाकावरून म्हणाले, "जा न बाई, पोरीचं काम आहे. भांडण मंग करजा."
जेवढी झाली तेवढी सीडीवर घेतली. चपला घातल्या. चव्हाण दारात गाडी सुरू करून उभे आहेत, आणि मी हे लिहीत बसले आहे.