दादाला आणायला निघालेला ट्रक

२ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं, मग हिला वाचून दाखवलं, तर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धूत बसली. मरायचं तर घरी येऊन मरेन, लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर नाही, असं इतकं सरळ लिहायला तुला कोणी सांगितलं होतं? आधी चार ओळी हवापाण्याच्या तरी लिहायच्यास. फोनवर तुला धाप लागते आणि इंजिनांनी मला अर्धा बहिरा केलाय, म्हणून पत्रं बरी असं आपणच ठरवलं. पण पत्रात लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं जातं रे.

तर ऐक, मी तुला आणतो. बसमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊ देत नाहीत आणि आठ-नऊ तास बसून राहणं तुला झेपायचं नाही, हे ठकीने कळवलंच आहे. आपल्या ट्रकच्या केबिनमध्ये सीटमागे झोपायची फळी आहे. तिच्यावर जाड गादी टाकली की तू आडवा, सिलिंडर तुझ्या उशाशी, आणि मी स्टिअरिंगवर तुझी बोलणी खात. वर्कशॉपमागची तुझी खोली ही आतापासूनच रोज झाडते आहे.

अडचण एकच. खाण बंद पडल्यापासून ट्रक अंगणात उभा आहे आणि जाऊन-येऊन लागणारं डिझेल भरायची माझी ऐपत उरलेली नाही. तुझ्यापासून काय लपवायचं? डेपोत तू फोरमन होतास तेव्हा सांगायचास की असलं जुनं इंजिन तळणीच्या टाकाऊ तेलावरसुद्धा पळेल, आणि आम्ही तोंड फिरवून हसायचो. आता हसत नाही. इस्पितळाच्या कँटीनचा आचारी माझ्या ओळखीचा आहे. बटाटे तळून काळं झालेलं तेल तो डबे भरभरून द्यायला तयार आहे, त्याला ते टाकायचीच कटकट असते. कसं करायचं ते सविस्तर लिही.

ठकीला आशीर्वाद. शिव्या दिल्यास तरी चालेल, माया कमी करू नकोस.

तुझा
धाकटा


१० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी तीन दिवस लिहितो आहे, तेव्हा अक्षरावरून काही अंदाज बांधत बसू नकोस. हिवाळा निघेल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरुण आहेत, सांगताना माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते. मलाच त्यांची कीव आली. तर घाई आहे, पण घाईत वाट्टेल ते करू नकोस.

तेल आणलं की लगेच टाकीत ओतायचं नाही. दोन आठवडे पिंपात निवळू दे. तळाशी गाळ आणि पाणी बसेल, ते ढवळू नकोस. वरचं तेल तापवून जाड कापडातून गाळ, मग फिल्टरमधून. पाणी राहिलं तर पंपाचा सत्यानाश झालाच म्हणून समज. दुसरी टाकी बसव आणि इंजिनाचं गरम पाणी तांब्याच्या नळीने तिच्यातून फिरव, कारण हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं. गाडी सुरू करायची ती डिझेलवरच. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह फिरवून तेलावर यायचं. बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर येऊन पाच मिनिटं चालू ठेव, म्हणजे पंपातलं आणि नळ्यांतलं तेल निघून जाईल. डिझेल लागेल ते एवढंच.

इथली माझी तक्रार एकच, ठकी फार चांगली आहे. शाळेत दिवसभर शिकवून तीन जिने चढून येते, आणि आपली धाप मला दिसू नये म्हणून दाराबाहेर थांबते. मला ती ऐकू येते. दोघांनी मिळून एकमेकांचे श्वास ऐकत बसण्यापेक्षा मी तिकडे आलेला बरा. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, तिच्यावरचा एक पाइप गळतो. रोज मनातल्या मनात मी त्याला पाना लावतो.

व्हॉल्व्ह पितळेचा घे, स्वस्तातला आणू नकोस. तुझ्या मंडळींना आशीर्वाद, आणि भांडी एकदाच धुवायला सांग.

तुझं बरं चिंतणारा
दादा


८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चालतोय! दादा, ट्रक चालतोय.

पहिला आठवडा नुसता मनस्ताप झाला. रबरी नळी तेलाने फुगून मऊ पडली, ती बदलली. टाकी गळली, पुन्हा झाळली. अंगणात पाय ठेवायला जागा नाही, जिकडे तिकडे पिंपं आणि घरभर तळणीचा वास. हिचं म्हणणं, इतकी वर्षं डिझेलचा वास घेऊन घरात येत होतात, आता निदान भूक तरी लागते. काल गावाबाहेर वीस मैल जाऊन आलो. धुराला खरपूस बटाट्यांचा वास येतो, आणि गल्लीतली कुत्री वळणापर्यंत मागे धावली. चढावर जरा दमतो, पण दम तर तुलाही लागतो, तुमचं जमेल.

ही शेजारी बसली होती. थांबायच्या आधी मी व्हॉल्व्ह फिरवला आणि तिने घड्याळ बघून पाच मिनिटं मोजली. तुझ्याहून कडक आहे. एकविसाला पहाटे निघतो. ही येणार नाही, परतताना केबिनमध्ये तुला नीट आडवं होता यायला हवं.

खोलीला चुना दिला. पलंग खिडकीपाशी सरकवला, तिथून अंगण आणि ट्रक दोन्ही दिसतात. तुझी वाट बघतो आहोत, आणखी काय लिहू?

तुझा
धाकटा


१४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शाबास. हा शब्द मी डेपोत तुला कधी म्हटल्याचं आठवत नाही, म्हणून आता लिहून देतो, जपून ठेव.

मला खाली उतरवायला शेजारचे दोन भले लोक तयार झाले आहेत. मी रोज खुर्चीत बसायचा सराव करतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसलो, काल पंचवीस. ठकीने माझे कपडे बॅगेत भरले, मी दोनदा काढून पुन्हा भरले. तिचे डोळे लाल दिसले. विचारलं तर खडूची धूळ गेली म्हणाली. खडू शाळेत असतो आणि ती घरी होती, पण मी वाद घातला नाही.

एक सांगून ठेवतो. भीती मला वाटते, नाही असं नाही. घरी मरायची नाही वाटत, वाटेत मरायची वाटते. तसं झालंच तर रस्त्यात थांबून रडत बसू नकोस. सरळ घरी ने.

हिवाळ्याचे दिवस आहेत, घाट दुपारच्या उन्हात पार कर. ठकी म्हणते आता पुरे. म्हणून पुरे.

येणाऱ्या दिवसाकडे डोळे लावून,
दादा


२४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी एकविसाला पोचलो नाही, बाविसालाही नाही, तेव्हा तू काय ते ओळखलंच असशील. वरचा पत्ता घाटाखालच्या एका गॅरेजचा आहे. ट्रक गेला, दादा. म्हणजे ट्रक आहे, माझ्यासमोर उभा आहे, पण पंपाची दांडी मोडली आणि आतलं सगळं जाम झालंय.

झालं ते असं. घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडे दरड कोसळली होती. गाड्यांची लांब रांग. पोलिसाने हात केला, मी थांबलो. तेलावरच होतो. थांबलो आणि माझ्या हाताने चावी बंद केली. मी केली असं म्हणवत नाही, हाताने केली. डेपोत पहिल्याच महिन्यात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं म्हणून तू मला सगळ्यांसमोर कान धरून उभं केलं होतंस, आठवतं? तेव्हापासून छत्तीस वर्षं गाडी थांबली की चावी बंद, मधे विचार येतच नाही. घरी ही शेजारी बसून घड्याळ बघायची म्हणून निभावलं. इथे मी एकटा होतो. केबिनमधून उतरलो, चहा प्यालो, चार ड्रायव्हरांना तुझ्या तेलाचं कौतुकसुद्धा सांगितलं. व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघितलंच नाही.

रस्ता रात्रभर बंद राहिला आणि थंडी मरणाची पडली. सकाळी स्टार्टर मारला तर नुसती घरघर. तेव्हा व्हॉल्व्हकडे नजर गेली. तिथेच थांबून नळ्या खोलायच्या, तापवायच्या, हे मला कळत होतं. पण तू खुर्चीत बसून वाट बघत असशील एवढंच डोळ्यांसमोर होतं, आणि मी मारतच राहिलो. शेवटी आत काहीतरी खाडकन मोडलं. दुपारी दरड हटली, सगळ्या गाड्या गेल्या, आणि मला दोरी बांधून मागे ओढत इथे आणलं.

गॅरेजमालक भला माणूस आहे. म्हणाला, असला पंप आता कोणी बनवत नाही. मी काहीतरी करतो. तू धीर सोडू नकोस.

क्षमा कर, आणि तरी आपला म्हण.
धाकटा


२८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ठकीचं, बोलणं माझं. चूक तुझी नाही. मी कागदावर नियम लिहिला आणि माझं काम संपलं असं समजलो. तुझ्या हाताचा विचार मी करायला हवा होता, तो हात मीच घडवला. तू सोडून दुसरा कोणी असता तर मी बजावलं असतं. तुला काय सांगायचं, असं वाटलं.

आता ट्रक तिथेच सोड. घरी यायचं राहू दे, ते माझं एक खूळ होतं. तू बसने ये.

दादा

ता. क. काका, एवढं सांगायला बाबांना सगळी सकाळ लागली. कालपासून ते खुर्चीत बसलेले नाहीत. खरंच निघा. — ठकी


१ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. रडलो, मग तोंड धुतलं. पण दादा, हे काही खूळ नाही. खुळं मी तुझी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांत हे बसत नाही. तुला घरी यायचं आहे आणि मी तुला नेणार आहे. बसने येऊन तुझ्यापुढे रिकाम्या हाताने उभा राहू? तू म्हणशील ठीक आहे, आणि मग आपण दोघं त्या गळक्या पाइपाकडे बघत बसायचं. ते मला जमणार नाही.

ऐक, बातमी चांगली आहे. मालकाने चौकशी केली. दक्षिणेकडे एक दिवसाच्या वाटेवर जुन्या गाड्या तोडणाऱ्याचं मोठं आवार आहे. आपल्याच बनावटीचा एक ट्रक तिथे भंगारात पडला आहे आणि त्याचा पंप शाबूत आहे. परवा तीन तारखेला जाऊन घेऊन येतो. सहाला बसवतो. आठ तारखेला तुझ्या खिडकीखाली हॉर्न वाजवीन, तेव्हा ठकीच्या शेजाऱ्यांनी ओरडलं तर तू निस्तर.

आठच दिवस, दादा. नेटाने काढ. माझ्यावर विश्वास असू दे.

तुझा
धाकटा


५ डिसेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बाबा काल सकाळी गेले. गॅरेजवर फोन केला तेव्हा मालक म्हणाले की तुम्ही पंप आणायला गेला आहात आणि तिथला पत्ता त्यांच्याकडे नाही. निरोप ठेवला. शेजारचे दोघे होते, सगळं त्यांनीच केलं. थांबणं शक्य नव्हतं.

तुमचं पत्र मी त्यांना तीन तारखेला वाचून दाखवलं. त्यांनी ते आवार कोणत्या बाजूला आहे असं विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे तो उलट्या दिशेने चाललाय. मग डोळे मिटून घेतले. ट्रकबद्दल त्यानंतर काही बोलले नाहीत. घराबद्दलही नाही. जिन्यात पावलं वाजली की तेवढी मान उचलायचे. खालच्या मजल्यावरच्यांची पावलं असायची.

काका, मी तुमच्यावर रागावले आहे. वाईट वाटत असताना रागावू नये म्हणतात, पण मला दोन्ही होतंय. तुम्ही रिकाम्या हाताने यायला लाजलात. त्यांना तुमच्या हातात काही नकोच होतं. राग जाईल, मला माहीत आहे. आज नाही.

काकूंना धीर द्या. त्यांना मी वेगळं लिहिते.

तुमची
ठकी


७ डिसेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. त्याआधी काल कळलं होतं.

पंप घेऊन मी परवा रात्री परतलो. तुझा निरोप मालकाकडे चार तारखेपासून होता. पण माझ्या बगलेतला पंप बघून त्याने मला तो आधी बसवू दिला. काल दिवसभर तो माझ्या शेजारी बसून नट आवळत होता, माझ्याकडे न बघता. संध्याकाळी ट्रक सुरू झाला. तेव्हा त्याने सांगितलं. इंजिन चालू होतं, मला ऐकू आलं नाही, त्याला ओरडून पुन्हा सांगावं लागलं.

ठके, तुझा राग जाऊ देऊ नकोस. एक गोष्ट मी दादाला कळवली नव्हती, ती तुला कळवतो. तुमच्या शहराकडे जाणारी बस गॅरेजच्या दारासमोरच थांबते, रोज सकाळी सात वाजता. तेवीस तारखेपासून दोनपर्यंत दहा सकाळी मी दारात मोडका पंप खोलून बसलो होतो आणि ती माझ्या नजरेसमोर माणसं भरून निघून गेली. एकदा कंडक्टरने यायचं का म्हणून हातसुद्धा केला. मी तेलकट हात दाखवले. बसला किती वेळ लागतो ते मी कोणाला विचारलं नव्हतं. आज विचारलं, साडेपाच तास.

उद्या त्या बसनेच येतो. लोभ असावा असं लिहायला तोंड नाही, दार तेवढं उघड.

तुझा
काका