ओळंबा, पुस्तके आणि पट्टीचा एक तुकडा

मी, खाली सही करणारी, वय पंचवीस, अविवाहित, कारखान्यात कनिष्ठ इंजिनिअर आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. उलट आईने "असलं अभद्र काही लिहू नकोस" म्हणून दोनदा पेन उचलून नेले. उद्या सकाळी कारखान्याच्या चिमणीच्या रंगकामाचा नवा टांगता झुला पहिल्यांदा वर जाईल. तो मी आखला आहे. त्यावर पहिली मी चढणार आहे. म्हणून ही व्यवस्था.

१. घर माझ्या नावावर नाही. बँकेत आहे ते सगळे आईचे. त्यातून तिने आधी चष्मा करावा. "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलेले चालणार नाही. धाकटीने तिला हात धरून दुकानात न्यावे.

२. माझी पुस्तके, कॅल्क्युलेटर आणि ड्रॉइंग बोर्ड धाकट्या बहिणीला. जाड निळ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात अभियांत्रिकीचा उगम दिला आहे: कालवे, तटबंद्या, वेढ्याची यंत्रे, थडग्यांसाठी ओढत नेलेले दगड. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. बाबांनी तीस वर्षे परांच्या बांधल्या. पहिल्या सत्रानंतर मी घरी आले तेव्हा त्यांनी विचारले, "काय शिकवलं?"

"तरफ, कप्पी, उतरण, चाक."

"मग उरलेली साडेतीन वर्षं काय करणार ते लोक?"

मी हसले नाही. समजावायला बसले. ज्यांचे आयुष्य पहार आणि कप्पीवर गेले त्यांना मी तरफ म्हणजे काय ते सांगितले, आणि त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

३. बाबांचा पितळी ओळंबा त्यांना परत. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी तो मला दिला होता. भिंत असो, विहीर असो, पूल असो की लिफ्टची वाट, उभे काहीही करायचे तर आधी दोरीला वजन बांधून सोडावे लागते. ऑफिसात लेसर आहे, म्हणून मी हा कागदांवर ठेवायला वापरला. ही माझ्या चुकांतली सर्वांत लहान.

४. आता जे लिहायचे टाळत होते ते.

परांचीवाल्यांत रीत आहे: जो बांधतो तो आधी एकटा चढतो आणि मधोमध उभा राहून तीनदा उडी मारतो. मगच बाकीचे. माझ्या मते अभियांत्रिकी इथून सुरू झाली, कोणा राजाच्या हुकमाने नव्हे.

मागच्या वर्षी याच चिमणीसाठी मी पहिला झुला आखला. दोरी ज्या लोखंडी पट्टीला बांधायची तिचे भोक काठापासून चाळीस मिलिमीटरवर हवे होते. नवी पट्टी मागवली असती तर साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या असत्या, म्हणून शिल्लक अरुंद पट्टी वापरली आणि भोक वीसवर आले. बाबा त्याच कामावर दोऱ्या बांधायला होते. ते म्हणाले, "भोक फार कडेला आलंय गं."

"बाबा, गणित बसतंय."

गणित दोरीवरच्या ओढीचे बसत होते. काठ फाटण्याचे मी केलेच नव्हते.

मी चढायला निघाले तर साहेब म्हणाले, "इंजिनिअर लोक चढत नसतात." मला ते ऐकून बरे वाटले, हे लिहून ठेवते. बाबा म्हणाले, "ती चढली काय नि मी चढलो काय," आणि चढले. दुसऱ्या उडीला पट्टी फाटली. त्यांचा उजवा गुडघा कायमचा गेला.

दवाखान्यात बाबाच म्हणाले, "गाठ सुटली असं लिही. माझं वय झालंय, कोणी शंका घेणार नाही. तुझी सही नवी आहे." अपघाताच्या अहवालात 'कारण' या शब्दापुढे मी तसे लिहिले. तेव्हापासून, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्यांना मजुरांच्या नाक्यावर 'सुरगाठ' म्हणतात. तिथल्या मुकादमाने तर माझ्यादेखत विचारले, "काय सुरगाठ, कप तरी धरवतो का हातात?" बाबा हसले. त्यांना वर्षभर कोणी कामाला बोलावलेले नाही, खाली बसून गाठी मारायलासुद्धा.

त्या दोरीचे कापून घेतलेले टोक माझ्या कपाटात आहे. फाटलेल्या पट्टीचा तुकडा अजून बाबांच्या गाठीत आवळलेला आहे. ती गाठ सोडून तुकडा फेकून द्यावा म्हणून मी दोनदा प्रयत्न केला. सुटली नाही.

५. ~~माझ्या मृत्यूनंतर ही दोरी व खरा अहवाल नाक्यावर सर्वांना वाचून दाखवावा.~~

हे कलम रद्द. खाडाखोड माझी आहे. धाकटी या कागदाची चांगल्या अक्षरात नक्कल करत होती, ती इथे थांबली. "ताई, म्हणजे उद्या तू धडधाकट खाली आलीस तर बाबा सुरगाठच?"

मी पेन घेऊन ते कलम खोडले. मी मोठ्या हिमतीने लिहीत आहे असे समजत होते.

त्याऐवजी: त्याच मुकादमांना साक्षीदार म्हणून घरी बोलावले आहे. सह्यांपूर्वी त्यांना वरचे सगळे वाचून दाखवीन. मग दोरी व दुरुस्त अहवाल घेऊन आजच साहेबांकडे जाईन. नोकरी जाईल बहुधा. गेली तरी उद्या मलाच पहिली चढू द्यावे, असा अर्ज सोबत जोडला आहे.

बाबांना आत्ताच सांगितले. त्यांनी गुडघा चोळत विचारले, "आणि तुझ्या सहीचं?"

"तिला आता किंमत राहणार नाही."

"या वेळी काठ किती ठेवलास?"

"पंचेचाळीस. पट्टी दहा मिलिमीटर जाड. फाटण्याचं गणितही केलंय."

"दाखव."

त्यांना आकडे वाचता येतात, सूत्रे नाहीत. मी एकेक ओळ सांगत गेले. या वेळी ते मध्ये मध्ये अडवत होते, आणि एका ठिकाणी त्यांचेच बरोबर निघाले. ती दुरुस्ती आज संध्याकाळपर्यंत करून घ्यायची आहे.

६. बाबांनी मला माफ करावे असे कलम मी घालत नाही. ते लगेच करतील, म्हणूनच.

हा कागद मी वाचला, मला पूर्ण समजला, आणि यातले काहीही मी नंतर नाकारणार नाही.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: अकरा, सोमवार, सकाळी नऊ

लिहून देणार: (सही) थोरली मुलगी

साक्षीदार पहिली: (सही) शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी

साक्षीदार दुसरा: (सही) मुकादम. सगळं वाचून दाखवलं. दोरी हातात घेऊन बघितली, जोर लावून ओढली. उस्तादांची गाठ सुटत नाही.