नोटीस बोर्डाची चावी

बाबा, चावी तुम्ही त्यांनाच का दिलीत, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. स्वतःचा दोस्त, म्हणजे आपले काका, युनियनच्या अध्यक्षपदाला उभा, युनियनच्या काचेच्या बोर्डाची चावी तुमच्या खिशात, आणि तुम्ही ती नेऊन दिलीत कोणाला, तर समोरच्या पार्टीच्या माणसाला. "माझा दोस्त उभा आहे, मतदान होईस्तोवर ही तुमच्याकडं राहू द्या." तो माणूससुद्धा गडबडला होता म्हणे. काका अकरा मतांनी पडले आणि वर्षभर आपल्याकडे चहालाही आले नाहीत. तुम्ही गेल्यावर त्या चावीनं आम्हाला काय दिलं? आई अमरावतीकडं मामाच्या आसऱ्याला गेली, मी नववीत शाळा सोडली. हे सगळं मी तुम्हाला मनात किती वेळा ऐकवलंय. तुम्ही उत्तर देत नाही म्हणून मीच जिंकतो, पण त्यात मजा नाही.

नेहरू नगरची आपली खोली मला अजून दिसते. आई पोळ्या लाटतेय आणि तुम्ही तिथंच खाली बसून पाटावर कागद ठेवून उमेदवारांची यादी लिहिताय. एकेक नाव फूटपट्टी लावून, सगळी अक्षरं एका उंचीची. तुम्ही हात धुवायला उठलात तेवढ्यात मी लाल स्केचपेननं काकांच्या नावाखाली एक रेघ ओढली. काका मला संत्र्याच्या गोळ्या आणायचे, म्हणून. तुम्ही मारलं नाही. कागद फाडला आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरू केलं. आई वैतागली, "भाजी निवून चालली. दोस्ताच्या नावाखाली रेघ आली तर काय आभाळ पडते का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बोर्ड सगळ्यांच्या वर्गणीचा आहे. त्याच्यावर कोणाच्याच नावाला रेघ नाही." मला तेव्हा तुमचा राग आला, कारण भूक लागली होती आणि तुम्ही जेवायला बसत नव्हता.

आता मी त्याच मंडीदीपला आहे, या हिंदी मुलखात, तुमच्याच कंपनीत, पण ठेकेदाराकडून. काकांनीच लावलं. काका आता युनियनचे महामंत्री आहेत, पोट सुटलंय, मागेपुढे चार पोरं असतात. तुमचा बोर्ड गेटजवळ आहे अजून, काच फुटलेली, आत कबुतराची पिसं. आता सगळं युनियनच्या फेसबुक पेजवर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतं, आणि ते मी चालवायचो. शाळा नाही झाली, पण मोबाईलवर हिंदी माझ्याइतकं भरभर कोणी लिहीत नाही. काका म्हणायचे, "पेज सांभाळ, पक्क्या लिस्टमध्ये तुझं नाव टाकतो." त्या पक्क्या नोकरीसाठी मी तीन वर्षं त्यांचे वाढदिवस, त्यांचे हार, त्यांचं रिबिन कापणं, सगळं पेजवर टाकलं.

या निवडणुकीला काका पुन्हा उभे होते आणि नियम कडक होते. निवडणूक अधिकारी म्हणून एक रिटायर हेडमास्तर आणले होते, त्यांनी गेट मीटिंगमध्ये कागद वाचून दाखवला: उमेदवारीचे पर्चे भरल्यापासून निकालापर्यंत युनियनच्या पेजवरून कोणाचा प्रचार नाही, कोणाला बधाई नाही, फक्त सगळ्या उमेदवारांची यादी आणि मतदानाची तारीख. ग्रुपवरही तेच. पेज वर्गणीतून चालतं, ते एकट्याचं नाही. तुमचंच वाक्य, बाबा, फक्त हिंदीत. मी मागे उभा राहून ऐकलं आणि माझ्या अंगावर काटाबिटा काही आला नाही. मी विचार करत होतो की पंधरा दिवस काम कमी झालं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं. "तुझ्या बाबाची पुण्यतिथी याच आठवड्यात येते ना? फोटो माग आईकडून. श्रद्धांजली टाकू." मी म्हटलं, "काका, नियम?" ते हसले. "बधाई बंद आहे, श्रद्धांजली कुठं बंद आहे? फोटो तुझ्या बापाचा, मी तर फक्त हात जोडून उभा हाओ. काहून, बापाचा फोटो टाकाले लाज वाटते का बे?" आईनं भिंतीवरची तसबीर उतरवून, काच पुसून, मोबाईलवर फोटो काढून पाठवला. मी तो घेतला आणि बॅनर बनवला. मधे काका, पांढरा कुर्ता, डोळे ओले असल्यासारखे. खाली लिहिलं, 'भाऊ के सपने हम पूरे करेंगे'; इथं सगळे तुम्हाला भाऊच म्हणायचे ना. काकांचा कोपर कापला जात होता, म्हणून मी तुम्हाला दोन बोटांनी चिमटीत धरून लहान केलं, आणखी लहान केलं, आणि कोपऱ्यात एका गोलात बसवलं. मग टाकलं. संध्याकाळी आईचा फोन आला, आवाज भरलेला. "चारशे लोकांनी हात जोडले रे तुझ्या बाबाले. शेजारच्या सगळ्यांना दाखवलं मी."

दोन दिवसांनी तक्रार आली. युनियन ऑफिसात हेडमास्तर टेबलाशी, काका खुर्चीत, आणि समोर तक्रार करणारी पार्टी. त्यांच्यासोबत काठी टेकत तो म्हातारा माणूस आला होता, तुम्ही चावी दिलेला. आत जायच्या आधी काकांनी माझ्या कानात सांगितलं, "म्हण, पेज हॅक झालं." आणि मी म्हटलं, बाबा. स्वच्छ आवाजात म्हटलं, "सर, पेज हॅक हो गया था." हेडमास्तर लिहायला लागले. तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं माझ्या हातातला मोबाईल घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो डोळ्यांशी नेला. नियमाबद्दल तो काही बोललाच नाही. एवढंच विचारलं, "भाऊ को इतना छोटा किसने किया?"

तो पुन्हा म्हणाला, "अरे, इस आदमी ने पंद्रह दिन चाबी मेरे पास रखी थी। इसको किसने छोटा किया?"

मी म्हटलं, "मैंने." मग थांबता आलं नाही. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, हॅक कोणी म्हणायला लावलं, सगळं सांगितलं आणि पासवर्ड कागदावर लिहून हेडमास्तरांच्या पुढे सरकवला. काका उठले. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "बापावरच गेला शेवटी." थुंकावं तसं म्हणाले.

तुम्हाला वाटेल, पोरगा सुधारला. तसं काही नाही. पोस्ट काढली, पेजला मतदानापर्यंत कुलूप लागलं, आणि काका तरीही निवडून आले, आरामात. बाथरूमजवळ माझ्या पाठीवर थाप मारून "सही किया बे" म्हणणारे तेच लोक संध्याकाळी काकांच्या हातचे लाडू खात होते, तोंडाला तूप लागलेलं. पेज आता दुसरा मुलगा चालवतो आणि त्यावर काका हारात बुडालेले आहेत. मला शिसारी येते. त्या लाडवांची येते, त्या पांढऱ्या कुर्त्याची येते, आणि जास्त माझ्या या दोन बोटांची येते. पक्क्या लिस्टमधून माझं नाव गेलं. रविवारचा ओव्हरटाईमही गेला. ती यादी काकांची पोरं लावतात.

एक गोष्ट त्या ऑफिसात नाही सांगितली, ती इथं लिहितो. ती पोस्ट टाकल्यावर रात्रपाळीला जाईपर्यंत मी ती दहा-बारा वेळा उघडून बघितली. तुमचा चेहरा चारशे लोकांनी बघितला, याचा मला आनंद झाला होता. काका किती मोठे दिसतायत, ते मला दिसलंच नाही.

आईला खरं सांगितलेलं नाही. मशीन बंद आहे म्हणून ओव्हरटाईम नाही, असं सांगितलंय. तिनं तसबीर परत भिंतीवर लावली आणि विचारते, पोस्ट दिसत का नाही रे आता. ही चिठ्ठी तिच्या हाती पडू नये म्हणून मी ती इथंच पेटीत ठेवतोय. तुमच्यापर्यंत तर ती जाणारच नाही. दर महिन्याला तिला सात हजार पाठवायचो. या महिन्यात चार हजार दोनशे.